सोला हॅट

फोन आला तेव्हा मी शाळेच्या चड्ड्यांना काज करत होते.
पलीकडची बाई म्हणाली, सोलापूर ना?
मग सोला हॅट तुमच्याकडेच होत असणार.
साहेब लोक घालायचे ती. पिक्चरसाठी. चाळीस.

सोला म्हणजे पाणवनस्पतीचा भेंडा,
तिकडे बंगालच्या तळ्यांत उगवतो,
आमच्या गावच्या नावाशी त्याचं काही नातं नाही,
हे मला नंतर कळलं.
तेव्हा मी एवढंच म्हणाले : होतात की. कधी पाहिजेत?

नायनांनी चष्मा कपाळावर चढवला.
म्हणाले, एकदा खोटं बोललीस,
आता नीट चाळीस वेळा बोल.

साचा म्हणून पितळी पातेलं घेतलं, वहिनीच्या माहेरचं.
जुने पेपर फाडून थर दिले.
खळ तीच, ताण्याला लावतात ती.
गिरणी बंद होऊन इतकी वर्षं झाली
पण नायनांच्या बोटाला तिचं प्रमाण पाठ :
बोट बुडवायचं, वर धरायचं,
थेंब सुटेपर्यंत एकदा ‘व्यंकटेशा’ म्हणून झालं पाहिजे.
एप्रिल होता. पत्र्यावर सकाळी ठेवलेलं
दुपारी टणक.
आमच्या उन्हाचं पहिल्यांदाच कुणी बिल लावलं.

वरून खाकी, पाचवी ते सातवीच्या चड्डीचं.
आतून लाल अस्तर, शेंड्याला भोकाचं बटण.
चाळीस साहेब,
सगळे जिल्हा परिषदेच्या शाळेतून पास झालेले.

मग बाईंनी दोनशे पांढऱ्या टोप्या मागितल्या.
सन तीसच्या. मार्शल लॉच्या.
तुमच्याच गावची गोष्ट आहे, म्हणाल्या.
ह्या सोप्या. शर्टाचं कापड, दोन फाळ, एक घडी.
पण कपडेपटाच्या शिरोडकर बाई स्वतः आल्या,
एक टोपी मुठीवर चढवून फिरवली :
फार नव्या आहेत हो.
यांच्याखाली कुणी राहिलेलं दिसत नाही.

चहाच्या चोथ्यात बुडवल्या. विटेची पूड चोळली.
कडेला खोबरेल, बोटानं, पुढे जास्त, मागे कमी.
घडीच्या टोकाला ब्लेड फिरवलं,
जिथं रोज चिमटीत धरतात तिथंच.
तीन दिवसांत कोरं कापड म्हातारं झालं.
लच्छव्वा म्हणाली, सासरी नेऊन सोडल्यागत.

नायनांनी एक उचलली, वास घेतला, खाली ठेवली.
दिसतंय खरं. पण चुकलंय.
काय चुकलंय?
आज मार पडणार हे ठाऊक असलेला माणूस
मळकी टोपी घालून निघतो का गं?
माझा बाप सांगायचा,
आदल्या रात्री आई खळ करायची.

बाई चिडल्या. वेळ नव्हता, गाडी भरायची होती.
मग चपला काढून पायरीवर बसल्या.
म्हणाल्या, धुवा.

रात्रभर नळाखाली दोनशे टोप्या.
चहा सगळा निघाला नाही,
कडेशी पिवळसर राहिला.
मळलेली नाही, नवीही नाही,
कुणीतरी घासून घासून धुतलेली.

पिक्चरमध्ये दीड मिनिट आहे ते.
लोक हीरोकडे बघत होते, आम्ही डोक्यांकडे.
लाठ्या आल्या. टोप्या पडल्या. एकीवर बूट.
नायना अंधारात उभे राहिले.
मागून ओरडलं कुणीतरी, बस की बे म्हाताऱ्या.
ते बसले, आणि हात उगीच
स्वतःच्या टाळूवर फिरवत राहिले.
तेवढ्यात एका साहेबाची हॅट उलटी घरंगळली,
लाल अस्तर चमकलं,
लच्छव्वा मोठ्यानं म्हणाली, माझा टाका!

एक्केचाळिसावी बिघडली होती, कडेला पोचा आलेली.
ती खुंटीला असते.
ऊन फार चढलं की नायना ती घालून दूध आणायला जातात.
गल्लीतली पोरं सॅल्यूट ठोकतात.
ते चिडतात, तेलुगूत शिव्या देतात.
घालतात मात्र तीच.